मागच्या खोलीची पाटी

“पेंटरच्या घरात भांडण म्हणून ऐकू येत नाही, नशीबवान माणूस,” असे शेजारी म्हणत आणि हसत. पेंटर मुळात अबोल, आणि त्याची एकुलती एक मुलगी जन्मतः बहिरी. तिची आई लवकर गेली. त्यानंतर त्या घरात आवाज उरला तो भांड्यांचा.

दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्याचा धंदा. चर्चच्या आवारातल्या पाट्याही त्याच्याच हातच्या. तिथे अनुदानातून काही ना काही उभे राहत असे: शिवणवर्गाची खोली, पाण्याची टाकी, वाचनालय. देणाऱ्या संस्थेचे नाव ठळक अक्षरांत हवे, ही अट ठरलेली. अशाच एका अनुदानावर मागच्या खोलीत बहिऱ्या मुलांचा वर्ग सुरू झाला आणि शिकवायला एक बाई आल्या.

मुलगी वाचायला शिकली, हातांनी बोलू लागली. बाईंनी पेंटरलाही थोड्या खुणा शिकवल्या. टर्पेंटाइनचा वास मारणारी त्याची जाड बोटे चुकली की मुलगी पोट धरून हसे. एकदा तिने त्याला खुणेने सुनावले, की तुझा सदरा घाणेरडा आहे. ही तक्रार तो कितीतरी दिवस गल्लीभर कौतुकाने सांगत फिरला.

मग अनुदानाची मुदत संपली. नवी संस्था बांधकामाला आणि यंत्रांना पैसे देई, पगाराला नाही. चर्चच्या पाळकांनी काही महिने पदरमोड करून बाईंचा पगार चालवला; पुढे त्यांनीही हात टेकले. बाई दुसऱ्या शहरात निघून गेल्या. मागच्या खोलीसाठी संगणक मंजूर झाले, तेव्हा पाळक स्वतः पेंटरच्या दारात आले.

“जुनी पाटी खरवडून नवी करायची आहे. तुला सांगायला जीभ रेटत नाही.”

“पोरांना शिकवणार कोण, साहेब?”

“पगारासाठी दोनदा लिहून पाहिलं. नाही म्हणाले.” पाळकांनी त्याच्या रंगाच्या डब्यांकडे पाहिले. “दुसऱ्या कोणाला सांगू का?”

“नको. दुसरा अक्षरं वाकडी काढील.”

मुलगी रंगाचा डबा धरायला सोबत गेली. पत्र्यावरून आपल्या वर्गाचे नाव अक्षर-अक्षर निघताना तिने पाहिले आणि खुणेने विचारले, बाई कधी येणार? येणार नाहीत, हे कसे सांगावे ते पेंटरला कोणी शिकवले नव्हते. त्याच्याजवळ होती ती खूण त्याने केली: उद्या.

दुसऱ्या दिवशी ती खोलीच्या पायरीवर जाऊन बसली. त्यानंतर रोजच बसू लागली. बाई पुन्हा कधीच आल्या नाहीत. हळूहळू मुलीने घरात हात हलवणे सोडून दिले; जेवायला हवे असले तरी ताटाकडे नुसती बघत राही.

उद्घाटनाच्या दिवशीही ती त्याच पायरीवर होती. तिला जरा बाजूला सरकवून फोटो काढले गेले. संस्थेच्या मॅडमनी पाटीवरचे संस्थेचे नाव निरखले, अक्षरांची वाहवा केली आणि पेंटरला जवळ बोलावले.

“फारच सुरेख काम आहे, दादा. इथे आणखी काही हवं असेल तर मोकळेपणाने सांगा.”

“एका बाईंचा पगार द्या. पाटी म्हणाल तेवढी मोठी काढून देतो.”