कुलरच्या वायरवरचा हमिंगबर्ड

आमचे घरमालक आयुष्यात कधीच चुकलेले नाहीत. त्यांच्या हयातीत पाऊस चुकला, बियाण्यांच्या कंपन्या चुकल्या, सरकारं चुकली, औषधाचं प्रमाण न पाळणारे कास्तकार तर दर हंगामात चुकले. पण दारव्ह्याच्या बाजारात सारी उमर कृषी केंद्र चालवून आता घरी बसलेले काका चुकले, असं त्यांच्या तोंडावर सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मी त्यांच्या वरच्या खोल्यांत भाड्यानं राहते आणि हायस्कुलात विज्ञान शिकवते. आमच्या तांड्यातली मी पहिली बी.एस्सी., आणि हे मी कोणी न विचारताही सांगते. काकांपुढे मात्र त्या डिग्रीचा आजवर काडीचा उपयोग झालेला नाही.

काकांच्या दुकानाचा एक कायदा होता. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही. माल नसला तरी “आहे ना, संध्याकाळी या” म्हणायचं आणि दुपारी यवतमाळला माणूस पिटाळायचा. दुकान मुलाकडे गेलं, कायदा काकांकडे राहिला. त्यांची मुलगी अमेरिकेत असते. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर नातीनं तिच्या मागच्या अंगणातली लाल बाटली दाखवली. बाटलीत साखरेचं पाणी, आणि भोवती अंगठ्याएवढी पाखरं हवेत जागच्या जागी थांबून ते पिताहेत. नातीनं विचारलं, “आबा, तुमच्याकडे आहेत हमिंगबर्ड?” काका एका क्षणात गल्ल्यावर जाऊन बसले. “आहे ना बेटा. ढिगानं हाय. फोटो पाठवतो.”

आता दुपारची गाडी धरून यवतमाळहून हमिंगबर्ड आणता येत नाहीत. पण कुंपणाच्या जास्वंदीवर रोज सकाळी एक काळाजांभळा, उन्हात निळा चमकणारा, वाकड्या चोचीचा पक्षी येत असे. काकांनी त्याला जागीच बढती दिली. मी सांगितलं की काका, हा शिंजीर आहे, हमिंगबर्ड भारतात नसतोच. काकांनी माझ्याकडे उधारी मागायला आलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. “मॅडम, तुमच्या पुस्तकात नसन. माह्या आंगनात हाय.”

मग बाटलीची तयारी सुरू झाली. पहिली बाटली त्यांनी दुकानातूनच आणली, कीटकनाशकाची, रिकामी, तीन पाण्यानं धुतलेली. काकूंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. “सारी उमर ज्या बाटल्यायनं किडे मारले, त्याच बाटलीतून पाखराले सरबत पाजता का?” दुसरी बाटली पिण्याच्या पाण्याची आली, तिला लाल झाकण लागलं. साखरेचं पाणी काकांनी फवारणीच्या हिशोबानं मापून केलं, वर मला बजावलं की डोस घट्ट झाला तर पाखरू शॉकमध्ये जाते. बाटलीवर आधी मुंगळे आले, मग मधमाश्या, मग एक बुलबुल येऊन झाकण पाडून गेला. ज्याच्यासाठी हा थाट, तो शिंजीर हातभर अंतरावरच्या जास्वंदीत चोच घालून चालता झाला. मुंगळ्यांची ती रांग पाहताना काकांची जी घालमेल होई, ती मी वरून पाहत असे. एक चिमूट कीटकनाशक पावडरीचं काम होतं. घरात ती पोत्यानं होती. काका बाटली टांगलेल्या तारेला एरंडीचं तेल चोळत बसले.

फोटोंचं तर विचारू नका. नर्सरीची हिरवी जाळी डोक्यावरून पांघरून, मोबाईल पुढे धरून काका पहाटेपासून पपईखाली बसत. दूधवाल्यानं एकदा भिऊन कॅन तिथंच सोडली. इतकी तपश्चर्या करून फोटो निघत ते पानांचे. ते मला आग्रहानं दाखवत. “हे पाहा, आत्ता गेला. फांदी पाहा कशी हालून राह्यली.” नातीकडून दर रविवारी तगादा, आणि आबांकडून दर रविवारी पुढच्या रविवारचा वायदा.

होळी झाली, घरोघरी कुलर उतरले. काकांचा कुलर मागच्या खिडकीत बसला आणि वायर लावायच्या आतच त्या वायरवर एका मळकट, पिवळसर पाखरानं कोळ्याची जाळी आणि काड्यांची थैली विणायला घेतली. काका ती काढायला निघाले होते. मी म्हटलं, ही त्या शिंजिराचीच मादी आहे. काकांना पटलं नाही. पण पुढे पिल्लं निघाली आणि तो जांभळा साहेब स्वतः चोचीत अळी घेऊन वायरवर उतरला. काका बराच वेळ पाहत राहिले. मग मला म्हणाले, “हे तं अळ्या खाते, मॅडम. मंग मी काय विकून राह्यलतो?” माझ्याकडे उत्तर होतं, पण ते बी.एस्सी.चं होतं.

त्या मे महिन्यात कुलर लागला नाही. भिंतींना हात लावता येत नव्हता, काकू ओला पंचा डोक्यावर घेऊन दिवसभर बोलत होत्या, आणि काका त्या खिडकीसमोर उघड्या अंगानं घाम गाळत बसलेले. आता पक्षी हातभर अंतरावर होता, मागावा तसा फोटो मिळाला असता. पण मोबाईल उचलला की मादी थैलीशी येईना, म्हणून काकांनी तो खिशात टाकला तो टाकलाच.

शेवटी एका रविवारी त्यांनी कॉल चालू ठेवूनच मोबाईल लांबून खिडकीकडे धरला. नात डोळे बारीक करून पाहत राहिली. मग तिच्या सावकाश मराठीत म्हणाली, “आबा, पण हा हमिंगबर्ड नाही ना?”

काकू पदर तोंडाशी धरून थांबल्या. मी जिन्यात थांबले.

“नाही, बेटा,” काका म्हणाले. “तो माल आपल्याकडे नाही. हा शिंजीर हाय. हा तुह्याकडे नाही भेटत, पाहाले इथंच यावं लागते.”

“मग आपण कधी जायचं, मम्मी?” पोरीनं मागे वळून विचारलं. काकांच्या मुलीचा आवाज आला, “जाऊ ना, पुढच्या वर्षी नक्की जाऊ.” काका मान हलवत राहिले. तो आवाज त्यांनी लगेच ओळखला असणार. अख्खी हयात गल्ल्यावर बसून त्यांनी तोच तर लावला होता.

पिल्लं उडून गेली. थैली रिकामी झाली, वायरवर वाऱ्यानं हलू लागली. काकू म्हणाल्या, आता तरी कुलर लावा.

“लावू ना,” काका म्हणाले. “संध्याकाळी.”