अव्वांच्या अंगणातली आमची भिंत

स्वतःच्या घराची एक अख्खी बाजू मी कधी धड पाहिलेली नाही, असं म्हटलं की लोक हसतात. पण आमचं तसंच होतं. आमची पश्चिमेची भिंत सरळ शेजारच्या अव्वांच्या अंगणात उतरते. आमच्या बाजूनं ती बघायची तर गच्चीच्या कठड्यावर पोट टेकून खाली वाकायचं, आणि आमच्या वयाला ते काही शोभत नाही.

तर त्या न पाहिलेल्या भिंतीनं गेल्या पावसाळ्यात आपलं अस्तित्व दाखवून दिलं. झोपायच्या खोलीत ओल आली, कपाटातल्या दोन चांगल्या इरकली साड्यांना बुरशी धरली आणि मी घर डोक्यावर घेतलं. उन्हाळा लागताच कंत्राटदार आला. गच्चीवरून वाकून, ठोकून त्यानं सांगितलं की बाहेरचं प्लास्टर फुगलंय, भिंत सोडतंय. उपाय दोन. सगळं जुनं प्लास्टर पाडून नव्यानं करायचं, नाहीतर भिंतीवर पाइप ठोकून वरून खालपर्यंत पत्रे मारायचे. पत्र्याचा खर्च प्लास्टरच्या निम्मा.

‘निम्मा’ हा शब्द ऐकला की आमच्या ह्यांचा चेहरा उजळतो. सरकारी कचेरीत त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासली. निवृत्त झाल्यावर तपासायला कुणाची बिलं उरली नाहीत म्हणून ते माझ्या भाजीचा हिशेब तपासतात. त्यातही त्यांनी रंगीत पत्र्याऐवजी साधा चकचकीत पत्रा पसंत केला, कारण तो आणखी स्वस्त. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांना सगळीकडे तोच असतो, असं त्यांनी मला पटवून दिलं. मी म्हटलं, आपण कारखान्यात राहतो का? पण उरलेल्या पैशात त्याच खोलीत एसी बसवायचं कबूल झालं, तेव्हा मीही गप्प बसले. सोलापूरच्या उन्हाळ्यात एसी म्हटलं की माणसाचं तत्त्वज्ञान जरा मऊ होतं.

काम करणारी माणसं अव्वांच्या अंगणात उभी राहणार, म्हणजे त्यांना विचारायला हवं. ते काम माझ्याकडे आलं. आम्ही वरचा मजला चढवला तेव्हा ह्यांची आणि अव्वांच्या यजमानांची हद्दीवरून चांगलीच जुंपली होती. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, पण हे अजून अव्वांना रस्त्यात नुसती मान हलवून पुढे जातात. मीही दारातल्या दारात बोलण्यापलीकडे गेले नव्हते.

“बर्री ताई, या की! आज वाट चुकला की काय?” अव्वांनी चटई टाकली. सकाळची वेळ होती. आमच्या घराची सावली अंगणभर पडली होती आणि त्या सावलीत, आमच्याच भिंतीला पाठ लावून, अव्वा शेंगा सोलत बसल्या होत्या. बाजूला चटणी कुटायचं उखळ. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, हे मला तेव्हा कळलं. मधे फक्त एक भिंत, आणि मला पत्ता नाही!

मग मी आमची भिंत पाहिली. वर सगळे पोपडे, काळे ओघळ, लाज वाटावी अशी. आणि खाली, माणसाच्या हाताच्या उंचीपर्यंत, पांढरीशुभ्र. चुन्याचे थरावर थर.

“हे कुणी केलं, अव्वा?”

“मीच की. दर दसऱ्याला. माज्या घराला चुना वढते तवा हिला बी वढते. दारासमोरच हाय. सणाच्या दिवशी तशीच काळी ठिवू व्हय?”

आमचं भांडण झालं त्या वर्षीही ओढला असणार. चुन्याला दोन रेघा होत्या. एक वरची, जुनी, मळलेली. आणि तिच्या बरीच खाली ताजी. अव्वांचा हात आता तेवढाच पोचत होता. चहाचा कप आला ते बरं झालं.

मी कामाचं सांगितलं. “करा की. तुमचीच भित हाय. माणसं हितं उबी ऱ्हाऊ देत, मला काय तरास न्हाय.” मग मी पत्र्याचं सांगितलं. त्यांचा शेंगा सोलणारा हात थांबला.

“पत्रा चमकतोय का वो?”

“चमकतो.”

त्यांनी समोर आपल्या पडवीकडे पाहिलं. दुपारी ऊन फिरलं की त्या अंगणातून उठून पडवीत जातात आणि संध्याकाळपर्यंत तिथंच आडव्या होतात. पडवीचं तोंड थेट आमच्या भिंतीकडे. आत एकच खोली, तिच्यावर पत्र्याचं छप्पर. “डाक्टर म्हणलेत, उजेड सोसायचा न्हाय,” त्या म्हणाल्या. “बगू. दार लावून आत बसंन.” दार लावून, त्या छपराखाली, सोलापूरच्या दुपारी! तक्रारीचा एक शब्द नाही. तक्रार केली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. “भिंत आपली, हद्द आपली, पैसा आपला,” हे म्हणाले. मी म्हटलं, म्हातारीचे डोळे? म्हणाले, तिला पडदा घेऊन देऊ. मी त्या दिवशी फक्त आमटी-भात केला आणि तोही आदळून वाढला. काही उपयोग झाला नाही. आमटीला नावं न ठेवता जेवले, म्हणजे मनातून टोचत होतं. पण निम्म्या खर्चाला सोडवत नव्हतं.

मग मी त्यांच्या वर्मावर बोट ठेवलं. “कंत्राटदारानं भिंतीचं माप गच्चीवरूनच धरलंय. खालून कुणी मोजलंय? जास्त लावलं असेल.”

संपलं. बिल न तपासता देणं म्हणजे ह्यांना श्वास कोंडल्यासारखं होतं. चारच्या सुमारास टेप घेऊन निघाले. कंत्राटदारानं ठेवून दिलेला पत्र्याचा तुकडाही काखेत घेतला, जाडी भिंतीशी धरून बघायला. इतक्या वर्षांनी त्या अंगणात पाय टाकताना पायरीवर थोडे अडखळले, पण गेले. मी मागोमाग.

अव्वा पडवीत आडव्या होत्या, त्या उठून बसल्या. “या की सायेब.” ह्यांनी मान हलवली, भिंतीकडे गेले, चुन्याच्या पट्टीवरून बोट फिरवून बघितलं. माप घेतलं. मग पत्रा उचलून भिंतीला लावायला गेले, तो हातात जरा तिरका झाला, आणि उन्हाचा झोत थेट पडवीत गेला. अव्वांनी झटकन तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांवर ओढला. हे पत्रा धरून तसेच उभे. मग त्यांनी तो हळूच पालथा करून जमिनीवर ठेवला, त्यावर आपला रुमाल पसरला, आणि अव्वांना विचारलं, “फार लागलं का हो?”

प्लास्टर झालं. खर्च दुप्पट. एसी राहूनच गेला. तो सगळा उन्हाळा आम्ही ओल्या फरशीवर चटई टाकून काढला आणि हे रोज पंख्याकडे बघून उसासे टाकत. पण एवढं केलंच आहे तर म्हणून त्यांनी वर भारीतला, पावसाला दाद न देणारा रंग मारून घेतला, फिकट बदामी. त्याच्या हमीचा कागद पेटीत जपून ठेवला. गच्चीवरून वाकून तो रंग ते आल्यागेल्याला दाखवत. वय त्यांना आता आड येत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एक दिवस लवकर जेवून आम्ही पडलो होतो, ऊन अजून माथ्यावर यायचं होतं. भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला. सर्र… सर्र… हे ताडकन उठून बसले. “चुना!” म्हणाले. “माझ्या रंगावर चुना!” आणि पायात चप्पलही न घालता गेले.

मी कपाळाला हात लावला. झालं, आता पुन्हा जुंपणार, सगळं केलं सवरलेलं मातीत जाणार. आवाज थांबला. मी कान भिंतीला लावून बसले. बोलणं ऐकू येईना. मग थोड्या वेळानं सर्र आवाज पुन्हा सुरू झाला, पण आधीपेक्षा बराच वरून.

ते भर उन्हाचे परतले तेव्हा चष्म्यावर पांढरे ठिपके होते आणि हात कोपरापर्यंत माखले होते. मी पाण्याची बादली पुढे केली. त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “अव्वा रागावल्यात. म्हणतात, फुडच्या साली सकाळीच या, सावली असंपर्यंत.”