आप्पांचे वीस सेकंद

माझे वडील राजेंद्र तांबे, म्हणजे आमचे आप्पा, तीस वर्षं कोकणातल्या रुळांवरून चालले. पावसाळ्यात दरडींवर नजर ठेवून गस्त घालायची आणि संशय आला की लाल झेंडा दाखवून गाडी थांबवायची, हे त्यांचं काम. "संशय आला की थांब" हे त्यांनी मला आणि माझ्या धाकट्या भावाला, अमरदीपला, बाळकडूसारखं पाजलं. मी शिक्षिका झाले म्हणून माझं निभावलं. अमरदीपचं मात्र फसलं.

तो एका मोठ्या शहरात भुयारी मेट्रो चालवायला शिकत होता. पिवळा दिवा दिसला तरी ठरलेल्या वेगानं पुढच्या दिव्यापर्यंत जायचं, असा नियम. हा शहाणा आधीच ब्रेक लावायचा. वीस सेकंद वाया! गर्दीच्या वेळी दर तीन मिनिटांनी गाडी. मागची प्रत्येक तेवढीच रखडते आणि तासाला विसाच्या जागी अठराच सुटतात. दोन गाड्यांची माणसं फलाटावर ताटकळतात. दोनदा नापास झालेला, तिसऱ्यांदा झाला तर नोकरीच जाणार. सुटीवर तोंड पाडूनच आला.

आप्पा त्याला सकाळी आरे-वारेच्या समुद्रकिनारी वाळूत घेऊन गेले; मीही मागोमाग गेले. ओळीनं करवंट्या मांडल्या. एकेक करवंटी म्हणजे सिग्नल. आप्पा पुढची गाडी, अमरदीप मागची. साठीतला बाप आणि सव्वीस वर्षांचा घोडा आगगाडी खेळताहेत, म्हणून आधी मला हसूच आलं. पण धुक्यात वाळू कुठं संपते आणि पाणी कुठं सुरू होतं ते कळेना. दोघं अधांतरी चालल्यासारखे वाटत होते, आणि मला ते कधीच थांबू नयेत असं वाटलं.

अमरदीप मात्र दर वेळी चार पावलं आधीच थांबायचा.

"आप्पा, तुमी किती येला गाडी थांबवलीत?" त्यानं वैतागून विचारलं.

"सतरा येला. दरड एकदाच होती."

हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"फुडं काय हाय ता सांगायला माज्याकडं कोन नव्हता. तुज्याकडं दिवा हाय. त्याचा ऐक, माजा नको."

पुढच्या खेपेला अमरदीप थेट करवंटीपर्यंत गेला.

आठवड्यानं त्याचा फोन आला. पास झाला होता. आप्पा "बेस" म्हणाले, फोन ठेवला आणि पडवीत बसून रडू लागले. मी घाबरून जवळ गेले.

"पोरगा आता माजा ऐकायचा नाय," ते म्हणाले, आणि रडता रडता हसत होते.