नखांखाली गाद्या नसलेली माशी

स्पिरिटचा वास आला की आमची निर्मळची केळीची वाडी आठवते. माझ्या कॉलेजच्या, किड्यांचा विषय शिकवणाऱ्या मॅडम किडे बघायला आल्या होत्या. माझं शिक्षण आता पुरे, म्हणणारे बाबा बाजूलाच उभे होते. मॅडमनी स्पिरिटच्या बाटलीतून काडीसारखी बारीक माशी काढली. "ही दुसरे किडे मारून खाणारी लुटारू माशी. पण लुटाऱ्यांतली कोणती?" मी भिंगातून तिचे पाय पाहिले. इतर लुटारू माश्यांच्या नखांखाली मऊ गाद्या असतात, हिला नव्हत्या. "लेप्टोगॅस्टर," मी म्हटलं. मॅडमनी स्वतः पाहिलं. "अगदी बरोबर!" बाबा कुंपणाशी धावले आणि शेजाऱ्याला ओरडून म्हणाले, "आयकलंस का, माज्या पोरीनं नुसतं पाय बगून माशी वलकली!" शिक्षण पुरे, हे ते पुन्हा म्हणाले नाहीत. आता माश्या ओळखणं मीच शिकवते, कौतुकही होतं, पण इतक्या मोठ्या आवाजात कुणी करत नाही.