तांब्याभर ताकदीचा राक्षस

सहादेवाच्या तोंडाला कुणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. गालफडं बसलेली, डोळे खोबणीतून बाहेर आलेले, मान लांबलचक आणि त्या मानेत कंठ असा वरखाली पळायचा, की बघणाऱ्याला वाटावं, गड्याने सुपारी गिळलीय. लग्नाच्या वेळी चांगुणाच्या आजीने त्याला निरखून पाहिलं आणि "ह्यो नवरदेव का नवरदेवाचा चुलता?" असं भर मांडवात विचारलं होतं. तरी लग्न लागलं, कारण स्वभावाने माणूस गाय. तिसगावच्या अलीकडे एका वाडीत त्याची एकरभर खडकाळ जमीन होती, दोन शेळ्या होत्या आणि शाळेत पाणी भरायचं काम होतं. सकाळी शाळेच्या आडातून पाणी शेंदायचं, रांजण भरायचा, पोरांनी तो सांडून-लवंडून संपवला की दुपारी पुन्हा भरायचा. असल्या माणसाचं नाव गावाच्या तोंडी यायचं काही कारण नव्हतं. ते आलं शाळेतल्या नृसिंह मास्तरांमुळे.

मास्तर मूळ नगरचे. घरात पिढ्यान्पिढ्या भिक्षुकी, यांना मात्र चित्रांचं वेड. पुण्याच्या एका मुलांच्या मासिकात ते चित्रकथा काढायचे. त्यांचा नायक गगनवीर आकाशात उडायचा, डोंगर उचलायचा, समुद्र ढवळायचा. आता एवढ्या मोठ्या गड्याला दर महिन्याला काम द्यायचं, तर दर महिन्याला एक दुष्ट हवाच. तेवढे तगडे दुष्ट आणायचे कुठून? म्हणून मास्तर किरकोळ दुष्ट जन्माला घालायचे. एकाला हातभर अंतरावरचा दिवा तेवढा विझवता यायचा. एकाच्या नजरेने बैलाला शिंक यायची. एकाने हात लावला की दूध नासायचं, पण तेही म्हशीचं नाही, फक्त गाईचं. सत्तर सालच्या पावसाळ्यात मास्तरांना नवीन दुष्ट सुचेना. समोर रांजणात पाणी ओतत असलेला सहादेव दिसला आणि हात आपोआप पेन्सिलीकडे गेला.

त्या दुष्टाचं नाव शोषासुर. डोळे वटारून पाहिलं की तांब्यातलं पाणी आटायचं. पण एका वेळी एकच तांब्या. हंड्याकडे पाहिलं तर त्यालाच घेरी यायची.

मास्तरांनी भीत भीत अंक दाखवला. त्यांना वाटलं, माणूस चिडेल. सहादेव हरखला. आपलं थोबाड, आपला कंठ, आपल्या फाटक्या बंडीची गुंडीसुद्धा छापून आलेली! फक्त एका गोष्टीने तो हिरमुसला.

"मास्तर, ताकद लई कमी दिलीत वो. निदान एक हौद तरी द्यायचा."

"अरे सहादेवा, मोठा राक्षस दिवाळी अंकाला लागतो. तू मधल्या महिन्यांचा."

मधल्या महिन्यांचा तर मधल्या महिन्यांचा! जन्मात पहिल्यांदा माणूस कशाचा तरी झाला होता. पोरं त्याला सोसासूर म्हणायला लागली आणि तो 'ओ' द्यायला लागला. नुसती 'ओ' देऊन थांबला असता तरी बरं होतं. पण हौसेला मोल नसतं. त्याने एक हातचलाखी बसवली. तांब्याच्या तळाशी पेलाभर पाणी घ्यायचं, डोळे गरागरा फिरवायचे, हाताने तांब्याचं तोंड झाकायचं, मंत्र म्हटल्यासारखं पुटपुटायचं आणि तांब्या उपडा करायचा. थेंब पडायचा नाही. पोरं किंचाळत पळायची आणि पुन्हा जवळ यायची. मग तिसगावच्या बाजारातही फर्माइशी होऊ लागल्या. कुणी पेरू द्यायचं, कुणी शेव. ही कला कशी साधली हे त्याने मास्तरांना सांगितलं नाही आणि चांगुणालाही नाही. विचारलं की नुसता हसायचा. आपल्यात काहीतरी आहे, असं लोकांना वाटलं तर वाटू द्यावं, एवढीच त्याची हाव होती. एवढी हाव कुणाला नसते?

पुढच्या वर्षी पाऊस बेताचा झाला. बहात्तर साली झालाच नाही. ज्वारी हातभर उगवून करपली, जनावरं विकली गेली, गडीमाणसं रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला लागली. माघात शाळेच्या आडात सहादेवाने पोहरा सोडला आणि वर आला तो नुसता चिखल. आड कधी ना कधी आटणारच होता. पण आटला तेव्हा त्याच्या काठावर कोण उभं होतं, हे साऱ्या शाळेने पाहिलं.

"सोसासुरानं आड पिला!" पोरं ओरडली. सहादेवही हसला. सवयीने त्याने डोळेसुद्धा वटारले.

पोरांनी हे घरी सांगितलं. पहिल्यांदा घरचे हसले. मग एका घरचा आड आटला, मग दुसऱ्या घरचा, आणि शिमगा येईस्तोवर हसणारं कुणी राहिलं नाही. गावात पाणी उरलं ते मारुतीपुढच्या विहिरीत. भीमा नावाच्या गड्याला दोराने खाली सोडायचे. तो खडकातला पाझर वाटीवाटीने हंड्यात भरायचा आणि हंडा वर ओढून घ्यायचे. घराला एक हंडा. पाळी कुणाची, हे केशरबाई सांगायची. केशरबाई म्हणजे म्हातारी, खमकी. तिचा नवरा गेला होता, दोन लेक गेले होते, ती कुणाला भीत नव्हती. एक दिवस चांगुणाने हंडा पुढे केला तशी ती म्हणाली, "तुझ्या घरचा हंडा हिरीत उतरायचा न्हाई. पाझर बारीक झालाय."

त्या दिवसापासून चांगुणा दीड कोसावरच्या ओढ्यात झिरा उकरायला जाऊ लागली. वाळूतून गढूळ पाणी वाटीत घ्यायचं, फडक्याने गाळायचं, डोक्यावर घेऊन उन्हातून परत यायचं. तिच्या टाचा फुटल्या, नखं वाळूने झिजली. ती सहादेवाला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. चैत्रात तो झिराही सुकला, आणि मग मात्र सहादेवाला कळलं की मारुतीपुढच्या विहिरीवर हंडा नाही मिळाला तर आपलं दार बंद होणार. तो मास्तरांकडे गेला आणि त्यांचे पाय धरले. "तुमीच मला बनीवलंत, आता तुमीच मोडा."

मास्तर भला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच आप्पासाहेबांनी पारावर माणसं गोळा केली आणि मास्तर उभे राहिले. त्यांनी मासिक वर धरलं. "हे सगळं माझ्या डोक्यातलं. आणि बघा तरी, याला मी ताकद काय दिलीय? एक तांब्या. फक्त एक तांब्या पाणी! याच्याने विहीर कशी आटेल?"

केशरबाई खालूनच म्हणाली, "मास्तर, माज्या घरात आज एक तांब्याच हाय."

मास्तरांनी मासिक खाली घेतलं. भरल्या पाण्याच्या दिवसांत जे पोराटोरांना हसवायला काढलं होतं, ते या दिवसांत केवढं होऊन बसलं होतं, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. ते खाली बसले.

मग चांगुणा उठली. डोक्यावरचा पदर सावरून ती म्हणाली, "आप्पासाहेब, ह्यांच्यानं शेळी धड बांधवत न्हाई. काल दावं सोडून गेली, आजून सापडंना. हे काय हीर सुकीवत्यात?"

पारावर हशा पिकला. कितीतरी दिवसांनी गाव हसलं. आप्पासाहेबही मिशीत हसले. सहादेवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्याच वेळी जरा धीरही आला. गाव हसतंय म्हणजे सुटलोच.

"मंग तांब्या उपडा केला की पानी कुटं जायाचं?" केशरबाईने विचारलं.

सहादेवाने ठरवलं, आता हातचं राखायचं नाही. "काकू, तांब्या आना. दावतो." केशरबाईने स्वतःच्या घरचा तांब्या आणला, तळाशी पेलाभर पाणी. माणसं पुढे सरकली. सहादेवाने ना डोळे फिरवले, ना मंत्र म्हटला. बंडीच्या बाहीतून गोधडीतल्या जुन्या कापसाचा बोळा काढला, सगळ्यांना दाखवला, तांब्यात तळाशी दाबून बसवला आणि तांब्या उपडा केला. थेंब पडला नाही.

"हे बगा. एवढंच हाय. कापूस पितो, मी न्हाई." मोठा सुस्कारा टाकून त्याने बोळा बाहेर काढला, तांब्यावर धरून कचकचून पिळला आणि तांब्या म्हातारीच्या हातात दिला.

केशरबाईने तांब्यात डोकावून पाहिलं.

"निम्मंच हाय. बाकीचं कुटंय?"

"बोळ्यात ऱ्हातं की वो थोडं. किती बी पिळलं तरी ऱ्हातंच."

"आन दर बाजाराला ह्यो खेळ चालायचा?"

सहादेवाच्या तोंडून "व्हय" निघून गेलं. निघाल्यावर त्याला कळलं. जो तो त्याच्या हातातल्या ओल्या बोळ्याकडे बघत होता, आणि त्याच्या बोटांतून कोपरापर्यंत एक ओघळ आला होता, तिकडे. तो ओघळ जमिनीवर पडू नये म्हणून त्याने हात वर धरला. राक्षस नाही हे सिद्ध झालं होतं. पण खेळापायी पाणी वाया घालवलं हे आता सिद्ध झालं, आणि ते राक्षसाहून वाईट होतं.

आप्पासाहेबांनी न्याय केला, आणि खरं सांगायचं तर जमेल तेवढा नरम केला. चांगुणाला रोजचा एक हंडा मिळावा. सहादेवाने पाऊस पडेपर्यंत शिवेच्या आत येऊ नये, पाथर्डीकडच्या रस्त्याच्या कामावर जावं, तिथेच राहावं. मास्तर काहीतरी बोलायला उठले, पण सहादेवानेच हात जोडून त्यांना बसवलं. हंडा मिळतोय ना, मग झालं.

त्याने भाकरी फडक्यात बांधली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि विहिरीवर गेला. जवळ जायचं नव्हतंच, लांब लिंबाखाली उभा राहिला. चांगुणाची पाळी आली. भीमाने हंडा भरून दिला, वरच्या बायांनी ओढून काढला, एकीने तिला डोक्यावर चढवायला हातही लावला. बऱ्याच दिवसांनी बाया तिच्याशी बोलत होत्या. सहादेवाला इतकं बरं वाटलं, की आपण जातोय हे तो क्षणभर विसरला. ती वळून त्याच्याच वाटेने आली. हंड्यात पाणी डुचमळत होतं, एक शिंतोडा तिच्या कपाळावर उडाला.

"येतो मी," तो म्हणाला. "जप."

"तुमी बी जपा," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिचा मोकळा हात वर गेला. तान्ह्या लेकराचं तोंड परक्याच्या नजरेपासून झाकावं तसा तिने पदर हंड्याच्या तोंडावर ओढून घेतला.

धूळ पडू नये म्हणून झाकला असेल, असं सहादेवाने मनाला सांगितलं. तो पुढे वळणावरच्या बाभळीपर्यंत गेला. बाभळीचं पानसुद्धा हलत नव्हतं.