पंगतीतलं अंतर

लोणावळ्याच्या बाजारपेठेमागे धोंडाबाई मावशींच्या खानावळीत आम्ही पंधरावीस माणसं जेवत असू. पाटी नव्हती. औंढ्याच्या धोंडाबाई म्हटलं की टांगेवाला बिनचूक दारात आणून सोडायचा. पुढं सारवलेली लांबट खोली, मागं चूल, बाहेर ओटा. ओट्यावर मावशींचे यजमान रखमाजीआबा बसलेले असत. रेल्वेत रुळाच्या कामावर असताना त्यांच्या पायावर रुळाखालचा लाकडी स्लीपर पडला, तेव्हापासून ते बसूनच असत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकेक टोला देत.

पाय अधू झाल्यावर आबांच्या भावानं औंढ्याला दोघांना ठेवून घेतलं होतं, पण घरात नव्हे, गोठ्याच्या पडवीत. मावशींनी तिथं एक पावसाळा काढला. दसऱ्याला डोक्यावर पाटा-वरवंटा आणि काखेत भांड्यांचं गाठोडं घेऊन, नवऱ्याला बैलगाडीत घालून त्या लोणावळ्याला आल्या आणि रेल्वेच्या खलाशांना भाकऱ्या भाजून घालू लागल्या. खानावळ बंद पडली तर पुन्हा ती पडवी, हे त्या कधी विसरत नसत. बाकी वाघ दारात आला असता तरी त्यांनी त्याला हात धुवून बसायला सांगितलं असतं.

मी तिथं बेचाळीसच्या उन्हाळ्यात जेवायला लागलो. मी इंदुरीचा. आमच्या घरात डिप्लोमा मिळवलेला पहिलाच, त्यामुळे डिप्लोमा ही अंगावर घालायची वस्तू आहे अशी घरच्यांची आणि थोडीफार माझीही समजूत होती. नोकरी वलवणच्या धरणावर ओव्हरसियरची. उभ्या पट्टीवरचे आकडे पाहून पाणी किती चढलं ते लिहून ठेवायचं. डोळे असलेल्या कुणालाही हे काम जमलं असतं, पण मी असा चालत असे की जणू माझ्या परवानगीशिवाय पाणी चढणार नाही. मावशी मला ‘इंजनेर’ म्हणायच्या. त्यात चेष्टा आहे हे कळायला मला तीन महिने लागले.

खानावळीत बसायची रीत साधी होती. भिंतीकडेनं पोती अंथरलेली असत आणि येईल त्यानं पुढचं पोतं धरायचं. मारुती हवालदार आणि दीनानाथ मास्तर साधारण एकाच वेळी येत, म्हणून ते शेजारी असत. मास्तर तळेगावचे ब्राह्मण. आपण मराठ्याच्या खानावळीत जेवतो हे त्यांनी सगळ्या लोणावळ्याला सांगितलं होतं, फक्त घरी कळवलं नव्हतं. हवालदारांना ठेचा सोसत नसे, मास्तरांना दही आवडत नसे, तेव्हा दोघांच्या ताटांत रोज देवघेव चाले.

ऑगस्टात मुंबईकडून आलेल्या गाडीनं बातमी आणली, पुढाऱ्यांना पकडलं. बाजार बंद झाला. संध्याकाळी मास्तर पांढरी टोपी घालून आले आणि हवालदारांच्या शेजारचं पोतं सोडून पलीकडच्या पोत्यावर बसले. मधलं एक पोतं रिकामं राहिलं.

ते रिकामं पोतं पाहून माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला, तो न पडता तर बरं झालं असतं. देशात नेमकं किती पेटलंय हे तेव्हा कुणालाच कळत नव्हतं. एक प्रवासी सांगे पुणं जळतंय, दुसरा सांगे मी आत्ताच तिथं भेळ खाऊन आलो. पण पोतं खोटं बोलत नाही. धरणाचं पाणी पट्टीवर कळतं, तसा देशाचा राग या दोघांच्या पोत्यांमधल्या अंतरावर कळेल, असा सिद्धान्त मी भात कालवता कालवता मांडला. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातली टेप खिशात घालून यायला लागलो. सगळे हात धुवायला मागं गेले की मी अंतर मोजत असे.

सिद्धान्त चालला, हे माझं दुर्दैव. तारा कापल्याची बातमी आली, अंतर वाढलं. शाळेच्या पोरांच्या मिरवणुकीवर लाठी चालली, मास्तर समोरच्या भिंतीला गेले आणि त्यांच्यासोबत टोपीवाली तीन पोरंही. हवालदार आपल्या दोन शिपायांसह या भिंतीला. बाकीच्यांची पंचाईत झाली. भिमाजी टांगेवाला मास्तरांकडे बसला तर शिपाई त्याच्या टांग्याच्या बिल्ल्याकडे बघत, हवालदारांकडे बसला तर बाजारात कुणी त्याच्या टांग्यात बसेना. शेवटी तो पागेतच भाकरी खाऊ लागला. एकेक करून रेल्वेवालेही कमी झाले. मध्ये मी एकटा. मला वाटे, शास्त्रज्ञाला मध्येच बसावं लागतं.

मावशींची मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पायपीट चाललेली.

“ह्यांचं सुराज्य येस्तवर माजं गुडगं जायाचं,” त्या म्हणाल्या. “तितनं हितं आणस्तवर आमटी गार.”

मी त्यांना धीर दिला. “मावशी, आता काळजी नको. दोघं भिंतीला टेकले. खोली संपली. याच्यापुढं अंतर वाढायला जागाच नाही. आता ओसरणार.”

“आसं तुजं धरण म्हंतं?”

“शास्त्र म्हणतं.”

दुसऱ्या दिवशी हवालदार आणि शिपाई ताटं घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

“इंजनेर,” आबा म्हणाले, “ओट्याला भिंत न्हाई बरं का. आता पार खंडाळ्यापत्तुर जागा हाय.”

त्याच आठवड्यात हवालदार चुलीपाशी येऊन उभे राहिले. “मावशी, मी न्हाई म्हनत, फौजदार म्हनत्यात. ही टोपीवाली पोरं हितं जेवणार आसली, तर आमी चौकीत आचारी ठिवणार. अन् मग हितं कोन कोन येतंय त्याची चवकशी बी व्हईल. बाजाराच्या दिवशी काय ते सांगा.”

ते गेल्यावर मास्तर आले. “मावशी, राग मानू नका. पोलिसांना जेवू घालणाऱ्या घरी आम्ही जेवणार नाही, असं पोरांचं ठरलंय. बाजारातले वाणीही तुम्हाला माल देणार नाहीत म्हणतात. बाजाराच्या दिवसापर्यंत विचार करा.”

मावशी दोघांनाही “व्हय” एवढंच म्हणाल्या. मग सूप घेऊन तांदूळ पाखडत बसल्या. पाखडता पाखडता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “पडवीत गोचीड लय हुत्या रं.”

त्या एका वाक्यानं मी हललो. आणि मी हललो की काहीतरी मोजायला घेतो. मी ठरवलं, खोलीची अशी आखणी करायची की दोन्ही पंगती आतच बसतील, एकमेकींना दिसणार नाहीत आणि मावशींना चालावंही कमी लागेल. मधल्या खांबाचा आडोसा धरून तिरक्या रांगा. बाजाराच्या दिवशी मी लवकर जाऊन कामाला लागलो. गुडघ्यांवर रांगत, टेपचं टोक दातांत धरून, सारवलेल्या जमिनीवर खडूनं फुल्या मारत होतो.

उत्तर ऐकायला हवालदार पुढच्या दारानं आले. उत्तर ऐकायलाच मास्तर मागच्या दारानं आले. मध्ये मी, चार पायांवर.

“काय चाललंय?” हवालदार म्हणाले.

मी टेप तोंडातून काढली. “मोजतोय.”

“काय मोजतुयास?”

इथं माणसानं गप्प बसावं. मी म्हणालो, “तुमच्या दोघांतलं अंतर.”

“कोण कुठं बसतं, याचा नकाशा?” मास्तरांचा आवाज बदलला होता. “कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून,” मी जरा अभिमानानंच सांगितलं.

हवालदार जमिनीकडे बघत होते. “अन् ही फुली? ही माज्या बसायच्या जाग्यावर हाय.”

“फुली म्हणजे तुम्ही.”

हवालदारांनी दोन पावलं मागं घेतली, मास्तरांचा दंड धरला आणि त्यांना ओट्यावर नेलं. तिथलं बोलणं आबांनी नंतर मला जसंच्या तसं ऐकवलं.

“मास्तर, खरं सांगा. ह्यो तुमचा न्हाई न्हवं? माज्याखाली सुरुंग लावाय निगालाय.”

“आमचा? मला वाटलं तुमचा खबऱ्या. आमच्या बैठकीचा नकाशा काढतोय.”

“आमचा आसता तर इतका येडा नसता.”

“मग कुणाचा?”

तेव्हा आबा तंबाखू मळत म्हणाले, “जपानचा तर नसंल? ते म्हनं लय मोजून कामं करत्यात.”

आबांनी हे मस्करीत म्हटलं की मुद्दाम, ते मला आजवर कळलेलं नाही. पण त्या संध्याकाळी हवालदार आणि मास्तर, दोघंही आत आले आणि एकाच भिंतीला शेजारी शेजारी बसले, कारण तिथून माझ्यावर नीट नजर राहत होती. मला त्यांनी समोरच्या कोपऱ्यात बसवलं. माझी तक्रार करून मला पकडावं, तर आपण बंडखोरांच्या खानावळीत काय करत होतो हे हवालदारांना लिहून द्यावं लागलं असतं. मास्तरांना तर चौकीची पायरी चढायचीच नव्हती. तेव्हा फौजदारांना सांगण्यात आलं, खानावळीत एक संशयित आहे, त्याच्यासाठी तिथं जेवणं भाग आहे. पोरांनाही जवळजवळ तेच सांगण्यात आलं. आचारी आला नाही. वाण्यांनी माल दिला. ठेचा आणि दही पुन्हा या ताटातून त्या ताटात जाऊ लागलं.

आबांकडून हे कळल्यावर दुसऱ्याच सकाळी मी मावशींकडे गेलो तो तणतणतच. “मी दोघांनाही सगळं समजावून सांगणार. माझा सिद्धान्त ऐकला की...”

“गप.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. “तुजा सिद्धान्त आयकला की त्ये पुन्ना दोन भित्तींला जातील. दिवाळीपत्तुर जपानचा ऱ्हा की रं सोपाना. तुजं काय जातंय?”

“माझी इज्जत जाते, मावशी.”

“किती जाती? मोजलीस?”

त्यांनी भाकरी उलटली आणि चेष्टेचा सूर सोडून म्हणाल्या, “माजं घर जातंय.”

मी जपानचा राहिलो.

खरं सांगायचं तर फारसं जड गेलं नाही. वाणी मला कधी नव्हे ते काटा नीट ठरू देऊन साखर द्यायला लागला. भिमाजी पुन्हा जेवायला येऊ लागला आणि माझ्याकडे चोरून बघत आबांना विचारी, जपानात भात खात्यात का. रेल्वेवाले परतले, आणखी चारसहा नवे आले. जपानी माणूस भाकरी कशी मोडतो ते सगळ्यांनाच बघायचं होतं. मी टोपी जरा तिरकी घालायला लागलो होतो. कुणी विचारलं नाही तरी मध्येच गूढ हसत असे. एकदा त्या नादात ठसका लागला, तर पाणी द्यायला कुणी पुढं येईना.

दसऱ्यानंतर मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. पुण्याहून पोलिसांची गाडी आली आणि मास्तरांना भर शाळेतून घेऊन गेली. शाळा दाखवायला इथला माणूस लागतो, म्हणून हवालदारांना पुढं चालावं लागलं. हे सगळ्या बाजारानं पाहिलं.

त्या संध्याकाळी मास्तरांची तिन्ही पोरं नेहमीच्या भिंतीला येऊन बसली. शेजारचं मास्तरांचं पोतं त्यांनी रिकामंच ठेवलं. ताटं वाढलेली, पण कुणी घास उचलला नव्हता. हवालदार दारात आले. मावशी पळी हातात धरून चुलीच्या दारात उभ्या राहिल्या.

हवालदारांनी त्या भिंतीकडे पाहिलं. मग माझ्या कोपऱ्याकडे वळले. “ओव्हरसेर, मी तुमच्यापाशी बसतो.”

इतक्या दिवसांत कुणी आपण होऊन माझ्याजवळ बसायला आलं नव्हतं. मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. आणि त्यांच्या आवाजावरून मला हेही कळलं की या माणसानं मला जपानचा समजणं केव्हाच सोडून दिलंय. मी पोतं झटकायला हात पुढं केला. तेवढ्यात मावशी दिसल्या. हवालदार इकडे बसले की झाल्या दोन भिंती, उद्या ओटा, परवा चौकीतला आचारी.

मी ओरडूनच बोललो, “नको, हवालदार. मी जपानचा माणूस आहे. तुमच्या नोकरीला बरं नव्हे.”

एका पोराच्या हातातला घास ताटात पडला. “बघ! सांगत न्हवतो?” तो शेजारच्याला म्हणाला. भिमाजी टांगेवाला माझ्यापासून आणखी हातभर लांब सरकला. आयुष्यात एवढा परिणाम करणारं वाक्य मी पुन्हा बोललेलो नाही.

हवालदार माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसले नाहीत. ते वळले आणि पोरांपुढं जाऊन उभे राहिले. “सरका रे. ह्याच्यावर नजर ठिवाय पायजे.”

पोरं हलली नाहीत. हवालदार तसेच उभे. बाहेरून आबांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मग टोकाच्या पोरानं आपलं पोतं ओढून घेतलं. हवालदारांनी मास्तरांच्या पोत्याला पाय लागू दिला नाही, त्याच्या पलीकडे बसले. मान खाली घालून अर्धी भाकरी खाल्ल्यावर ते हळूच म्हणाले, “मास्तरांस्नी येरवड्याला नेलंय. मारझोड न्हाई केली. मी घोंगडी दिलीया बरूबर.”

“चष्मा?” एका पोरानं ताटाकडे बघत विचारलं.

“चष्मा हाय.”

मावशींनी त्या भिंतीकडेनं एका फेरीत सगळ्यांना भात वाढला. मग माझ्या कोपऱ्यात आल्या. त्यांनी माझ्या भातावर आमटी घातली.

“लय बोललास,” त्या पुटपुटल्या. “तुज्या सायबानं आयकलं म्हंजी?”

“साहेबाला काय सांगायचं ते मी बघतो,” मी म्हणालो. खरं तर काय सांगायचं ते मला अजिबात सुचत नव्हतं.

त्यांनी आणखी एक पळी भात माझ्या ताटात उपडा केला.

“जेव आता, जपान,” म्हणाल्या, आणि आत गेल्या.