सुटं होणारं घर

स्थावर-जंगम मालमत्तेतल्या ‘स्थावर’ या शब्दाचा माझ्या बायकोच्या थोरल्या काकांइतका मनापासून तिटकारा असलेला माणूस उभ्या भारतात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो एका जागी सापडायचा नाही. काका सरकारी बँकेत अधिकारी होते. इंदूर, गुवाहाटी, पाटणा, भुवनेश्वर, मधली काही आडगावं आणि शेवटी कोलकाता, अशी त्यांची नोकरी देशभर फिरली आणि मागोमाग काका फिरले. कोलकात्यात ते निवृत्त झाले, बेहालाला त्यांनी फ्लॅट घेतला, आणि आज इतकी वर्षं झाली तरी त्या स्वतःच्या फ्लॅटला ते ‘क्वार्टर’ म्हणतात. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, योगासनं करतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात सुधारणा सुचवतात. काकांनी गार्डन रीचला नदीच्या अंगाला एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली, एक बंगाली मिस्त्री हाताशी धरला आणि घरं नि कचेऱ्यांना मापाप्रमाणे फर्निचर करून द्यायचा धंदा काढला. सुतारकाम ते शिकले कुठे, तर दर बदलीला सामानाची खोकी स्वतः ठोकता ठोकता. त्यामुळे त्यांच्या मते फर्निचरची खरी परीक्षा घरात होतच नाही, ती ट्रकमध्ये होते.

आमचं लग्न झालं तेव्हा जेवणाचं टेबल काकांकडूनच घ्यायचं हे गृहीत होतं. मी कोलकात्यातच न्यू टाउन या नव्या, कचेऱ्यांच्या वस्तीतल्या एका कंपनीत कामाला आणि तिथेच जवळ भाड्याने राहायला. काका माप घ्यायला आले ते घरात आलेच नाहीत. आधी त्यांनी लिफ्टचं माप घेतलं, मग लिफ्ट बंद पडली तर म्हणून जिन्याचं, जिन्याच्या प्रत्येक वळणाचं, मग इमारतीच्या फाटकाचं. मी आपला दारात उभा राहून ‘काका, टेबल इकडे, या खिडकीशी ठेवायचंय’ असं सांगत होतो. तेव्हा काकांनी टेप मिटवला आणि शांतपणे म्हणाले, “ते तू कुठे ठेवणार याच्याशी मला काही कर्तव्य नाही. ते बाहेर कुठून जाणार एवढं सांग.” टेबल आलं ते खरोखर सुरेख होतं, सागवानी, गुळगुळीत, बोट फिरवत बसावं असं. पण त्याचा प्रत्येक भाग सुटा व्हायचा आणि प्रत्येक भागाच्या पोटाखाली तो कशाला जोडायचा याची पेन्सिलीने खूण होती. आमच्याकडे जेवायला आलेले पाहुणे वाकून खुणा वाचायला लागले, की आम्हाला भाजी कशी झालीय ते विचारायची सोय उरत नसे.

गिऱ्हाईक कोणीही असो, काकांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. लाकूड कुठलं, पॉलिश कसलं, खण किती, हे सगळं मिस्त्रीने विचारायचं. काका हाताची घडी घालून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, “ठीक है, लेकिन ट्रान्सफर हो गया तो?” एकदा भवानीपूरच्या एका वृद्ध बंगाली गृहस्थांना पुस्तकांचं कपाट करून हवं होतं. पणजोबांनी बांधलेल्या घरात राहणारा माणूस. आयुष्यात कामासाठी म्हणून त्याने कधी शहराची हद्द ओलांडली नव्हती. काकांनी आपला प्रश्न विचारला. ते गृहस्थ चहाचा कप हातात तसाच धरून बसून राहिले. मग घाबऱ्या आवाजात म्हणाले, “कोथाय?” म्हणजे कुठे? काका म्हणाले, “वो तो ऑर्डर आने के बाद पता चलेगा.” मिस्त्रीला राहवेना. तो बोलायला कधीच कमी पडणारा नव्हता. “सर, ये लोग कहीं नहीं जायेगा. इनका दादू भी इसी खाट पे मरा था, उसका बाबा भी इसी खाट पे मरा था, हम खाट देखा है.” काकांनी खाटेकडे पाहिलं आणि खेदाने मान हलवली, कारण ती खाट दारातून बाहेर निघण्याजोगी नव्हती. कपाट अर्थातच सुटं होणारं झालं. पुढे कळलं, की त्या प्रश्नाने त्या घरात भलतंच काही सुरू झालं. गृहस्थांच्या पत्नीने ‘खरंच, आपण कधी कुठे का गेलो नाही’ असं विचारलं, आणि म्हातारपणी ते जोडपं पुरीला जाऊन समुद्र बघून आलं. याचं सगळं श्रेय काकांनी आपल्या बिजागऱ्यांना दिलं.

न्यू टाउनवर मात्र काकांचा जीव होता. तिथल्या एका कचेरीचा स्वागताचा काउंटर त्यांनी केला आणि तो बसवून होतो न होतो तोच ती कचेरी शेजारच्या इमारतीत हलली. बाकीचं फर्निचर करवतीने कापावं लागलं. काकांचा काउंटर एका दुपारी सुटा झाला आणि संध्याकाळी नव्या जागी उभा राहिला. काकांनी मला फोन केला तेव्हा आवाज असा होता, की मला वाटलं नातू झाला. “या शहरात एवढाच एक भाग मला पटतो,” ते म्हणाले, “तिथे कोणी राहत नाही रे. सगळे पोस्टिंगवर असतात.”

त्यांच्या स्वतःच्या घराचं काय वर्णन करावं! पलंग सुटा होणारा, कपाटं सुटी होणारी, पडदे दोरीवर, कारण भिंतीला भोक पाडणं काकांना हिंसा वाटते. भिंतीवर एक कॅलेंडर नाही. देवघरसुद्धा घडीचं. त्यात प्रत्येक देवाला आपापला मखमलीचा खळगा आहे, आणि दोन्ही दारं मिटून कडी घातली की देव प्रवासाला तयार. “अहो, निदान देवांना तरी एका जागी बसू द्या,” असं मी एकदा म्हणालो. “त्यांना सवय आहे,” काका म्हणाले. “गुवाहाटीला जाताना ते माझ्या मांडीवर होते.”

या सगळ्यात काकू कुठे होत्या, असं कोणी विचारेल. मीही फार उशिरा विचारलं. काकू घरातच होत्या. कमी बोलणाऱ्या, साताऱ्याकडच्या, ठसठशीत कुंकू लावणाऱ्या. पण काका गार्डन रीचला असायचे तेवढ्या वेळात त्यांनी परस्पर एक अख्खा मोहल्ला आपलासा केला होता. काकांना बंगालीत भाव विचारण्यापलीकडे काही येत नाही. काकू बंगालीत भांडतात. खालच्या मजल्यावरच्या बाई, ज्यांना सगळी इमारत बौदी म्हणजे वहिनी म्हणते, त्या आणि काकू रोज दुपारी एकमेकींच्या घरी बसतात. एकीने दुसरीला पुरणपोळी शिकवली, दुसरीने पहिलीला पाटिशापटा, म्हणजे बंगाल्यांची सारण भरलेली गोड धिरडी, आणि दोघींच्याही नवऱ्यांना दोन्ही पदार्थ सारखेच बिघडलेले खावे लागले. दुर्गापूजेला मंडपात प्रसादाची फळं कापायला ज्या बायका बसतात, त्यांच्यात काकू मधोमध असतात, आणि फोडी केवढ्या करायच्या हे त्या ठरवतात. हा मान तिथे सहजासहजी कोणाला मिळत नाही. काकूंच्या या कारकिर्दीची काकांना सुतराम कल्पना नव्हती. ते पूजेच्या दिवसांत गर्दी नको म्हणून शेडमध्ये जाऊन बसत.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला. तिच्याच मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होतोय, तुम्ही दोघं आता तिथे एकटे कशाला, इकडे या. मुलीचं म्हणणं साधं आणि मायेचं होतं, पण काकांच्या कानी पडली ती थेट ऑर्डर. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना हलायला सांगत होतं. ते एकदम तरुण दिसायला लागले. गिऱ्हाइकांची कामं थांबली आणि शेडमध्ये खोकी तयार व्हायला लागली, तीही कशी, तर प्रत्येक वस्तूच्या मापाची. मिक्सरला वेगळं, कुकरला वेगळं, पोळपाटाला गोल. घरातल्या वस्तू एकेक करून खोक्यांत जाऊ लागल्या. काकू आमटी ढवळायला खोक्यातून डाव काढत, धुऊन परत खोक्यात ठेवत, आणि काही बोलत नसत. काका आम्हाला अभिमानाने सांगायचे, “हिला बदलीची कला उपजत आहे.”

एका रविवारी त्यांनी आम्हा दोघांना आवराआवरीला बोलावलं. मिस्त्री हॉलमध्ये खोक्याला पट्ट्या ठोकत होता. काकूंनी सगळ्यांना चहा दिला, काकांच्या समोरची खुर्ची ओढली, पदर नीट केला आणि म्हणाल्या, “मला एक काम द्यायचंय. घरचं नव्हे. गिऱ्हाईक म्हणून.”

काका हसले. “बोला बाईसाहेब.”

“भिंतीत कपाट हवंय. स्वयंपाकघराच्या या भिंतीत. भिंत फोडून, आत बसवलेलं. सुटं होणारं नको.”

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. आणि मग, केवळ सवयीने, त्यांच्या तोंडून तेच निघालं. “आणि बदली झाली तर?”

“माझी आजवर एकदाही झालेली नाही,” काकू म्हणाल्या. “बदली तुमची व्हायची. मी सामानात असायचे.”

मिस्त्रीला मराठी येत नाही, पण त्याचा हातोडा थांबला. माझी बायको उगाचच कपबशा गोळा करायला लागली. काका अगदी हळू आवाजात म्हणाले, “पोरगी वाट बघतेय तिकडे.”

“जाऊ की तिच्याकडे. महिनाभर राहू, दोन महिने राहू. पण परत यायला एक जागा असू दे,” काकू म्हणाल्या, “माझी.” आणि त्या आत निघून गेल्या.

नंतरचे काही दिवस काका मला रोज फोन करत. संताप होता, पण तो तांत्रिक स्वरूपाचा होता. भिंत ओलसर आहे. कोलकात्याच्या हवेत भिंतीतलं लाकूड फुगतं. वाळवी लागेल. इमारतीच्या सोसायटीची परवानगी लागेल. मी सगळ्याला हो म्हणत होतो. एकदा मध्येच ते म्हणाले, “ती इतकी वर्षं काही बोलली का नाही रे?” मी वाळवीवर कुठलं औषध चांगलं, ते सांगितलं.

मग एका सकाळी त्यांनी आणि मिस्त्रीने भिंत फोडली. गंमत म्हणजे, कधीच न हलणारी वस्तू कशी करायची हे काकांना येत नव्हतं. चौकट भिंतीत घालायची, तिच्या लोखंडी पट्ट्या सिमेंटमध्ये गाडायच्या, आणि मग ती विसरून जायची, हे त्यांच्या हाताला मानवेना. त्यांनी अनेकदा ओळंबा लावून पाहिला. सिमेंट भरायची वेळ आली तेव्हा ते गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि मिस्त्रीला म्हणाले, “तू कर दे.” मुलीला त्यांनी स्वतः फोन केला. ती आधी रुसली, मग रडली, मग ‘बरं, सुट्टीत मलाच तिकडे येता येईल’ म्हणाली.

कपाट पुरं झालं त्या दिवशी आम्ही गेलो होतो. काकू खोकी रिकामी करत होत्या. एक चिनी मातीची बरणी हातात घेऊन त्या म्हणाल्या, “ही पाटण्याच्या वर्माबाईंनी दिली होती. निघताना फाटकापर्यंत आल्या होत्या. पुढे काही समजलंच नाही त्यांचं.” मग एक पितळी डबा निघाला, तो गुवाहाटीच्या शेजारणीचा. मग भुवनेश्वरच्या एका मास्तरीणबाईंनी विणलेला रुमाल. प्रत्येक वस्तू कपाटात जाताना काकू तिच्या मालकिणीविषयी एखादं वाक्य बोलत होत्या, आमच्याशी नव्हे, त्या वस्तूशीच. काका स्टुलावर बसून ऐकत होते. पाटण्याच्या क्वार्टरचं दार किती रुंद होतं आणि तिथला जिना कुठे अडायचा, हे ते आजही सांगू शकतात.

“वर्माबाई म्हणजे कोण गं?” त्यांनी विचारलं. “मला चेहरासुद्धा आठवत नाही.”

“तुम्ही ट्रकपाशी होतात,” काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो, त्याच्या गोष्टी ऑफिसात रंगवून सांगत आलो. त्या क्षणी मात्र मला त्यांची फार दया आली. एवढ्या गावांतून त्यांनी एक कपसुद्धा फुटू न देता संसार हलवला होता, आणि त्यातल्या कुठल्याच गावात ते राहिले नव्हते.

संध्याकाळ झाली तशी खालून बौदींची हाक आली. नवं कपाट झाल्याबद्दल चहाला बोलावलं होतं. काकू निघाल्या. दारापाशी वळून म्हणाल्या, “येताय?” इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नसावं, किंवा विचारलंही असेल. काकांनी अंगावरचा भुसा झटकला, आत जाऊन शर्ट बदलला, केसांवरून कंगवा फिरवला आणि आमच्यासोबत निघाले. बौदींच्या दाराशी पोचल्यावर त्यांनी काकूंचा हात धरून त्यांना थांबवलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “हिच्या मिस्टरांचं नाव काय?”

काकूंनी नाव सांगितलं. काकांनी ते एकदा स्वतःशीच म्हणून बघितलं आणि बेल वाजवली.